शेऱ्याच्या रकान्यातली बंदूक

धोंडू, आज कचेरीत मोडक्या सामानाची यादी माझ्या टेबलावर आली आणि पहिल्याच ओळीला माझा हात अडला. दर वर्षी हे काम माझ्याकडेच असतं. एका पायाने लंगडणारी खुर्ची, तळ गेलेली बादली, कुलूप न लागणारी पेटी, आणि प्रत्येकीच्या पुढे शेऱ्याच्या रकान्यात एकच इंग्रजी शब्द: अनसर्व्हिसेबल. म्हणजे निकामी, काम न देणारी. वीस वर्षांत हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल त्याला गणती नाही. माझं इंग्रजी अक्षर चांगलं, हे तुला माहीतच आहे, कारण मीच ते तुला दहा वेळा ऐकवलं आहे. एवढा लांबलचक शब्द एका दमात, टाक न उचलता लिहायचा याचा मला गर्व होता. आज ‘खुर्ची एक’ एवढं लिहिलं आणि पुढे टाक जाईना. डोळे दुखताहेत असं सांगून मी यादी दुसऱ्याकडे सरकवली आणि घरी आलो.

काल तुझा तेरावा झाला. मी आलो नाही. पोलादपूरची मोटार चुकली असा निरोप पाठवला. मोटार चुकली नव्हती. मी महाडच्या नाक्यावर उभा होतो, मोटार आली, माणसं चढली, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहून दोनदा भोंगा वाजवला आणि मी मान फिरवून पानाच्या दुकानाकडे बघत राहिलो. तुझ्या अंगणात पानावर बसून तुझ्या नावाचा घास माझ्या घशाखाली उतरला नसता.

दोन आठवड्यांमागे दिवेलागणीला, तुझ्याच नाचणीत, रानडुकराने तुला मारलं. तुझ्या हातात कोयती आणि काठी होती. घरात खुंटीवर तुझ्या आजाची ठासणीची बंदूक होती, दारू होती, छर्रे होते. लोक हळहळतात. म्हणतात, बिचाऱ्याची बंदूक चालत नव्हती. पोलीस पाटलाने जबाबातही तसंच लिहून घेतलं आहे. बंदूक चालत नव्हती हे कशावरून, असं त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की सरकारी दप्तरात तशी नोंद आहे. ती नोंद माझ्या हातची आहे.

माझे वडील पोलादपूरच्या मराठी शाळेत मास्तर होते आणि तू वरच्या वाडीवरून एक डोंगर उतरून शाळेत येत होतास. चौथीपर्यंत आपण एका बाकावर बसलो. तू मला सावित्रीच्या डोहात पोहायला शिकवलंस. शिकवलंस म्हणजे ढकलून दिलंस आणि वरून ओरडलास, “हात मार रे तात्या, पानी काय तुला खात नाय!” मी घाबरट होतो आणि अजूनही आहे. पुढे मी महाडला इंग्रजी शाळेत गेलो, मॅट्रिक झालो, कचेरीत चिकटलो. तू दासगावच्या बंदरावरून बोटीत बसून मुंबईला गेलास आणि एका रेल्वे कारखान्यात रंगाऱ्यांच्या टोळीत लागलास. तुझे वडील गेल्यावर तू परत आलास, आठ वर्षांनी, अंगाला रॉकेलचा आणि रंगाचा वास घेऊन, बोलण्यात ‘साला’ आणि ‘ऑलरैट’ घेऊन. तुझ्या बायकोने, भागीवहिनीने, म्हणे पहिल्या दिवशी तुला दारातच उभं केलं होतं. “कोन हाय गो ह्यो मुंबैवाला?” असं तिने सासूला विचारलं, आणि तुझा चेहरा बघून साऱ्या घरात हसू फुटलं. हे तूच मला सांगितलंस, आणि सांगताना तुला इतका आनंद झाला होता की तीच गोष्ट तू लगेच पुन्हा सांगितलीस.

दिवाळी झाली की तू नाचणीचं पोतं खांद्यावर टाकून महाडला माझ्या घरी येत असस. “रावसायब हायत का घरात?” अशी हाक मारायचास, म्हणजे गल्लीतल्या चार माणसांना ऐकू जावं. आज आणखी एक गोष्ट कबूल करतो. माझ्या घरी तू कायम ओटीवर जेवलास आणि आपलं ताट आपण घासून ठेवलंस. तुझ्या घरी मी चुलीशेजारी, तुझ्या दोघी पोरींच्या मधे बसून जेवत आलो. मी एकदा अडखळत काहीतरी बोलायला लागलो, तर तू म्हणालास, “आईसायब जुन्या हायत, त्यांना कशाला तरास? आनि ओटीवर वारा लागतो.” आई जाऊन सहा वर्षं झाली, धोंडू. त्यानंतरही तू ओटीवरच बसत राहिलास आणि मी तुला आत बोलावलं नाही. तूही विषय काढला नाहीस. माझी लाज राखायची तुझी सवय तेव्हापासूनची आहे, हे आता माझ्या ध्यानात येतं.

आता बंदुकीचं. डोंगरातल्या शेतकऱ्यांना पिकाच्या राखणीसाठी परवाने असत. दर वर्षी बंदूक खांद्याला लावून महाडला यायचं, कचेरीच्या आवारात रांगेने बसायचं, कारकुनाने बंदूक बघायची, वहीत शेरा मारायचा आणि परवाना पुढे चालू करून द्यायचा. तो कारकून मी. बघायचं म्हणजे काय, नळीत गज घालायचा, घोडा ओढून सोडायचा, झालं. तुझी बंदूक तर मी नुसती हातात घेऊन परत द्यायचो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तिची पूजा व्हायची, आणि दसऱ्याला सूर्य कलला की तू अंगणातून हवेत एक बार काढायचास. तुझ्या आजापासूनची रीत. खालच्या वाडीतली माणसं म्हणायची, धोंडूचा बार झाला, चला सोनं लुटायला.

मग चळवळीचे दिवस आले आणि वरून हुकूम आला की डोंगरातल्या बंदुका कमी करा. पाच वाड्यांत एक ठेवायची, बाकीच्या जमा. ज्या बंदुका चालतच नाहीत त्या मात्र परवाना रद्द करून घरातली जुनी वस्तू म्हणून मालकाकडे राहू द्यायच्या. तू रांगेत बसला होतास. वरंधकडच्या एका म्हाताऱ्याने आपली बंदूक टेबलावर ठेवली आणि मूल ठेवावं तशी तिच्यावर हात फिरवत बसला, ते तू पाहिलंस. तुझी पाळी आली तेव्हा तू माझ्याकडे वाकून एवढंच म्हणालास, “तात्या, आजाची हाय रे.”

तू मला खोटं लिही म्हणाला नाहीस. हे मला आज स्पष्ट लिहून ठेवायचं आहे, कारण उद्या कोणी म्हणेल की मैत्रीत गळ घातली. गळ घातली नाही. मी स्वतःच्या अकलेने वही ओढली आणि तुझ्या नावापुढे माझा तो लाडका शब्द लिहिला. साहेबांनी न बघता सही केली. मला काय वाटलं सांगू? सरकारला गंडवलं, मित्राचं काम केलं, आणि तेही एका शब्दात. मी टाक पुसून ठेवताना शीळ घातली असावी.

सुटी झाल्यावर आपण चहाच्या दुकानात बसलो. मी तुला हळू आवाजात सगळं सांगितलं आणि तो शब्द उच्चारला. मला वाटलं तू माझ्या पाठीवर थाप मारशील. तू बशी खाली ठेवलीस.

“मला म्हाईत हाय त्यो शबूद,” तू म्हणालास.

“तुला कसा माहीत?”

“आठ वरसं तोच तर काढत व्हतो मी.”

आणि मग मला कळलं की कारखान्यात तुझं काम काय होतं. मला वाटायचं तू डबे रंगवतोस. तू भंगारात काढलेल्या वस्तूंवर तो शब्द काढत होतास, पत्र्याच्या छापावरून, पांढऱ्या रंगाने. तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो शब्द तुझ्या मनगटाला पाठ होता. तू चहात बोट बुडवून तो मला बाकावर काढून दाखवलास. अक्षर माझ्यापेक्षा ठसठशीत होतं. आपण दोघांनी आयुष्याची कितीतरी वर्षं एकच शब्द लिहून पोट भरलं आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं, या गोष्टीचं मला त्या वेळी फार हसू आलं. तू हसला नाहीस.

तू मला शिडीची गोष्ट सांगितलीस. एका लाकडी शिडीवर तुझ्याच हाताने तो शब्द पडला होता. शिडी बरी होती, एक पायरी जरा सैल होती इतकंच, पण साहेबाने सांगितलं म्हणून तू छाप मारलास. आपल्याच भागातला एक फिटर घाईत तीच शिडी लावून वर चढला, काम करून उतरला. पडला नाही, त्याला काही झालं नाही. साहेबाने बघितलं आणि त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. “आनि त्याच्याबरोबर गुदामातल्या कारकुनाला पन काढला,” तू म्हणालास. “कारन शिडीनं मानूस झेलला, मंजे कारकुनानं लिवलं ते खोटं. वापरनारा गेला आनि लिवनारा पन गेला.”

मी म्हणालो, “अरे, तो कारखाना, ही कचेरी. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की वस्तू चालत नाही. तुझी चालते, तर चालव तू. रानात कोण ऐकतंय?”

“तू पुस्तकातला अर्थ सांगतोस,” तू म्हणालास. “आमच्यात त्याचा अर्थ ‘चालत नाय’ नव्हता. ‘चालवायची नाय’ असा व्हता. एकदा त्यो पडला की मग वस्तू धड हाय का मोडकी, त्यो प्रश्नच नाय. हात लावायचा नाय.”

आपला हा वाद त्या दिवशी मिटला नाही आणि नंतरही कधी मिटला नाही. मी शब्दकोश काढून तुला वाचून दाखवला. निकामी, नादुरुस्त, कामास न येणारा. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, “नादुरुस्त मंजे दुरुस्त व्हनारं. बंद मंजे परत चालू व्हनारं. ह्यो शबूद तसा नाय, तात्या. ह्यो लागला की परत फिरत नाय.” मी चिडलो. चौथी पास झालेल्या माणसाने मला इंग्रजी शिकवावं! मी तुला तोडून बोललो, ते शब्द मला आठवतात, पण ते इथे लिहीत नाही.

पुढच्या दसऱ्याला मी मुद्दाम तुझ्याकडे आलो. खंडेनवमीची झेंडूची माळ बंदुकीला होती. सूर्य कलला, अंगणात माणसं जमली, सगळे तुझ्याकडे बघत होते. तू आत गेलास आणि आपट्याची पानं घेऊन बाहेर आलास. बार झाला नाही. म्हाताऱ्या चुलत्याने विचारलं, तर तू म्हणालास, “ती आता चालत नाय, काका.” आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी सोनं घेतलं, दिलं, सगळ्यांना भेटलो. उतरताना वाटेत मला राग आला, तुझाच आला. वाटलं, हा माणूस मुद्दाम करतो आहे, माझ्या चांगुलपणाची मला टोचणी देतो आहे. इतका मी शहाणा.

त्यानंतर तीन वर्षं ती बंदूक तोंड मिटून खुंटीवर राहिली. तू नाचणीत माळा बांधलास, पत्र्याचे डबे वाजवलेस, शेकोट्या केल्यास, पोरींना आणि वहिनीला घेऊन आळीपाळीने ओरडत राहिलास. डुकरं डब्यांना सरावली. दर वर्षी पोतं हलकं होत गेलं, तरी माझ्या वाट्याचं तू कमी केलं नाहीस.

आणि मग या भाद्रपदातला तो दिवस. धोंडू, याच दिवसापाशी मी रोज येऊन थांबतो.

तू कचेरीत आलास. दुपारची वेळ, साहेब शेजारच्याच खोलीत, दार उघडं. तू कधी कामाच्या वेळी येत नसस. टेबलापाशी उभा राहिलास, टोपी हातात, आणि इतर दहा माणसांसारखा मला म्हणालास, “रावसायब, एक इचारू?” त्या दिवशी त्या ‘रावसायब’मध्ये थट्टा नव्हती. “यंदा एक मोठा नर आलाय. एकटाच फिरतो. मानसाला भीत नाय. त्यो तुमच्या वहीतला शबूद काडता येतो का?”

येत होता. हेच तर तुला सांगायला मी बसलो आहे. एक साधा अर्ज, ‘बंदूक दुरुस्त करून घेतली आहे, पुन्हा तपासावी’, एवढा. तो मीच लिहिला असता, तू सही केली असतीस, महिन्याभरात परवाना झाला असता. आणि यंदा नवे परवाने पुन्हा देत होते. पण अर्ज केला की साहेब बंदूक बघायला मागणार. दुरुस्त कोणी केली, कुठे केली, काय मोडलं होतं, असं विचारणार. लोहाराला बोलावलं तर? वही उलटी चाळली तर? माझी दोन वर्षांनी बढती होती. मी दाराकडे बघितलं आणि दबक्या आवाजात तुझ्यावर खेकसलो, “इथे कसला बोलतोस? पुढच्या वर्षी बघू. आणि अडलंच तर मार की बार, कोण येतंय बघायला!”

तू म्हणालास, “ऑलरैट.” टोपी घातलीस आणि गेलास. आवारातल्या आंब्याखाली थोडा वेळ उभा होतास. मला खिडकीतून दिसत होतास. उठून यावं, चहा पाजावा, असं मनात आलं. आलो नाही. टेबलावर टपाल होतं.

तू गेल्याची बातमी मला भाजीबाजारात कळली. डोलीत घालून खाली आणत होते, पोलादपूर दिसायला लागलं आणि तू संपलास, असं एक जण सांगत होता. मांडी फाटली होती म्हणे, रक्त थांबलंच नाही. मी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच बसलो. लोकांना वाटलं मला घेरी आली.

तेव्हापासून दिवेलागण झाली की माझे कान तुझ्या डोंगराकडे लागतात. महाडहून तुझी वाडी किती लांब, तिथला बार इथे कसा ऐकू येईल, हे मला कळतं. तरी बायको कंदील लावते आणि मी बोलता बोलता थांबतो. एक बार व्हायला हवा होता तो अजून झालेला नाही, आणि मी तो ऐकायला थांबलो आहे. बायको विचारते, काय ऐकता? मी म्हणतो, काही नाही. एकदा रस्त्यावर गाडीचं फाळकं आपटलं आणि मी ‘झाला!’ म्हणून उठून उभा राहिलो. हातातलं ताट पडलं. मला क्षणभर इतका आनंद झाला होता, धोंडू, की नंतर मला रडू आवरेना.

हे मी छापायला देणार आहे. खाली माझं नाव असेल. साहेबांनी वाचलं तर वाचावं, वही काढून बघावी, मग माझं जे होईल ते होवो. तू असतास तर मला हे करू दिलं नसतंस, ते मला माहीत आहे. पण जे सांगण्यासाठी कागद घेतला ते अजून राहिलंच आहे. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आलो होतो, ते.

दुपार होती. माणसं राख सावडून आली होती आणि अंगणात बसली होती. पोलीस पाटील होता, तुझा म्हातारा चुलता होता. चूल बंदच होती, शेजारणीने भाकऱ्या आणून झाकून ठेवल्या होत्या. पाटील मला म्हणाला, “बंदूक धड असती तर मानूस वाचला असता, रावसायब.” मी म्हणालो, “हो ना.” हे दोन शब्द मी म्हणालो.

भागीवहिनीने मला आत बोलावलं. ती रडत नव्हती. पोरी कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर झोपल्या होत्या. तिने खुंटीकडे बोट केलं आणि हळूच म्हणाली, “भावजी, ती तेवढी मोकळी करून द्या. ठासलेली हाय.”

मला कळेना. मी बंदूक खाली घेतली, नळीत गज सोडला. गज चार बोटं वरच राहिला. आत दारू होती, छर्रे होते, वर चिंधीही नीट दाबून बसवलेली होती. घोड्याखाली बार पेटवणारी टोपीसुद्धा चढवलेली होती. मी घाईघाईने ती काढली.

“त्या दिशी सांजच्याला डुक्कर आला म्हनून वरडा झाला,” वहिनी सांगू लागली. “ह्यांनी खाली घेतली. ठासली. मी म्हनलं, बरं झालं, आज तरी घेतली. दारापत्तुर गेले. तिथंच हुबे ऱ्हायले, भावजी, एवढा येळ हुबे ऱ्हायले. मग मागं फिरले, खुंटीला लावली, आनि कोयती घेतली. मी म्हनलं, अवो, का? तर म्हनाले, बार झाला तर समद्या डोंगराला ऐकू जातो गो. पाटील इचारल. तात्याची नोकरी जाईल.”

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. तू काय बोललास ते सांगत होती, जसं गेलेल्या माणसाचं शेवटचं बोलणं सांगतात.

“पोरी हाईत घरात,” ती म्हणाली. “मोकळी करा.”

ठासलेली बंदूक मोकळी करायचा सरळ मार्ग एकच. अंगणात जायचं, नळी आभाळाकडे करायची आणि चाप ओढायचा. तुझ्या आजाने केलं, बापाने केलं, तू केलंस. पाटील बाहेर बसला होता. माझ्या हातात तुझी बंदूक होती, धोंडू, आणि तू जिथे उभा राहिला होतास त्याच दारात मी येऊन उभा राहिलो. बाहेर ऊन होतं. चुलत्याने माझ्याकडे पाहिलं.

मी मागे फिरलो. वहिनीला म्हणालो, “जरा तांब्याभर पाणी द्या.”

तिने दिलं. मी चुलीशेजारी, जिथे बसून मी इतकी वर्षं जेवलो, तिथे उकिडवा बसलो आणि बंदुकीच्या नळीत पाणी ओतलं. ते आत गुडगुडलं. थोड्या वेळाने खालच्या भोकातून काळं पाणी थेंब थेंब सारवलेल्या जमिनीवर पडायला लागलं. मी आणखी ओतलं. तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिलो.

वहिनीने फडकं आणलं आणि ते काळं पाणी टिपून घेतलं. मग माझ्याकडे बघून, मला धीर द्यावा तशा आवाजात म्हणाली, “बरं झालं, भावजी. आता कुनी तपासली तरी तुमचं लिवलेलं खरंच निघंल. त्यांच्या जिवाला तेवढीच काळजी व्हती.”

मी मान हलवली. तिने झाकलेली भाकरी काढून माझ्यापुढे ठेवली आणि मी ती खाल्ली.